तळघरांतील गाणें आणि तबकडी

आवडत्या गवयाची बैठक चुकवावयाची नाहीं आणि त्याची नवी ध्वनिमुद्रिका निघाली कीं ती पहिल्या आठवड्यांतच घरीं आणावयाची, असा नेम असलेलीं माणसें प्रत्येक शहरांत असतात. बैठकीला जाणारा आणि तबकडी विकत घेणारा हा रसिक एकच; तेव्हां या दोन गोष्टी परस्परांना पोषक असणार असें कोणासहि वाटेल. पुष्कळ अंशीं तें खरेंहि आहे. पण तबकडी गाजली म्हणजे गवई मोठा होतो, मोठा झाला म्हणजे मोठ्या नाट्यगृहांत जातो, आणि मग ज्यांनीं त्याला चार हातांच्या अंतरावरून ऐकलेलें असतें त्यांच्या वांट्याला तबकडीच तेवढी उरते. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं १९६१ ते १९६३ या अडीच वर्षांत हें सारें इतक्या उघडपणें घडून आलें कीं या विषयाला त्याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

लिव्हरपूल हें इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मर्सी नदीच्या मुखाशीं वसलेलें जुनें बंदर. जहाजांतून येणारा माल सांठविण्यासाठीं गांवाच्या मध्यभागीं वखारींच्या गल्ल्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांपैकीं मॅथ्यू स्ट्रीट नांवाच्या अरुंद गल्लींत एका वखारीखालीं विटांचें तळघर होतें. आजूबाजूस फळांच्या वखारी असल्यामुळें कुजक्या फळांचा वास तेथें कायमचाच. पॅरिसमध्यें अशा तळघरांतून जाझ संगीत चालतें हें पाहून आलेल्या एका तरुणानें १६ जानेवारी १९५७ रोजीं या जागेंत संगीताचा क्लब उघडला आणि त्याला ‘कॅव्हर्न’, म्हणजे गुहा, असें नांव दिलें. नांव अगदीं यथार्थ होतें. रस्त्यावरून अठरा दगडी पायऱ्या उतरून गेलें कीं एकाला एक लागून असे तीन लांबट, कमानदार बोगदे लागत. मधल्या बोगद्याच्या टोकाला लहानसें व्यासपीठ, त्यापुढें खुर्च्यांच्या कांहीं ओळी. बाजूच्या बोगद्यांत उभें राहणाऱ्यांनीं कमानींच्या आडून दिसेल तेवढें पाहावयाचें. खिडकी एकहि नाहीं आणि हवा खेळण्याची सोय नाहीं. शेंकडों माणसें आंत कोंबलीं गेलीं म्हणजे त्यांचा श्वास व घाम भिंतींवर सांचून ओघळूं लागे आणि छताचा चुना भिजून त्याचे पोपडे गाणाऱ्यांच्या डोक्यावर पडत. मद्य तेथें मिळत नसे. कॉफी, सूप, पाव आणि गोड पेयें एवढ्यावर भागवावें लागे.

आरंभीं या गुहेंत जाझचें राज्य होतें. १९५९ मध्यें मालकी बदलली, तरुणांची आवड ‘रॉक अँड रोल’ या धांगडधिंग्याच्या वाटणाऱ्या, पण तालाला पक्क्या असलेल्या प्रकाराकडे वळली, आणि नव्या मालकानें काळाची पावलें ओळखून त्याला दार उघडलें. त्यानें आणखी एक युक्ति काढली. रात्रीच्या कार्यक्रमांखेरीज दुपारच्या जेवणाच्या सुटींत, बारा ते दोनच्या सुमारास, गाण्याची बैठक ठेवली. आसपासच्या कचेऱ्यांतील टंकलेखिका, दुकानांतील विक्रेत्या मुली, उमेदवारी करणारे कारागीर असे लोक हातांतला पाव खात खात पायऱ्या उतरूं लागले. प्रवेशासाठीं शिलिंगाच्या आसपास पैसे पडत. सुटी संपली कीं पुनः कचेरी. अंगावरच्या कपड्यांना तळघराचा दर्प इतका चिकटून राही कीं दुपार कोठें घालविली हें कचेरींतील वरिष्ठांस व घरीं आईस न सांगतां कळे.

९ फेब्रुवारी १९६१ रोजीं अशाच एका दुपारीं ‘बीटल्स’ या नांवानें तो बँड प्रथम येथें उभा राहिला. बँड म्हटलें म्हणजे आपल्याकडे वरातीपुढील पितळी वाद्यें डोळ्यांपुढें येतात. येथें तसें कांहीं नव्हतें. विजेवर चालणाऱ्या तीन गिटारी, एक ढोलांचा संच, आणि वाजविणारे तेच गाणारे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे तिघे लिव्हरपूलचेच. ढोल वाजविणारा पीट बेस्ट हाहि तेथेंच वाढलेला. वयें सतरा-अठरापासून विसापर्यंत. आदल्या वर्षीं जर्मनींतील हँबर्ग बंदरीं खलाशांच्या वस्तींत त्यांना नोकरी मिळाली होती आणि तेथें रोज रात्रीं साडेचार तास, सुटीच्या दिवशीं सहा तास, वाजवावें लागे. इतके तास श्रोत्यांना धरून ठेवावयाचें तर गाण्यांचा सांठा मोठा हवा, आवाज दमतां कामा नये, आणि एखादें गाणें वाढवून वाढवून म्हणतां आलें पाहिजे. आपल्याकडे जी तालीम गुरूच्या घरीं होते ती या पोरांची अशा मद्यगृहांत झाली. हँबर्गहून परतलेलीं मुलें हींच का, असें गांवच्या लोकांनीं विचारावें इतका फरक त्यांत पडला होता.

या तळघरांत पुढील अडीच वर्षांत बीटल्सचे पावणेतीनशेंच्या आसपास कार्यक्रम झाले. त्यांच्या पाठीराख्यांचा, विशेषतः पाठीराख्या मुलींचा, दिनक्रम ऐकण्यासारखा आहे. पुढच्या ओळींतील खुर्ची मिळावी म्हणून त्या तासन् तास गल्लींत रांग धरीत. बीटल्सच्या अगोदर दुसरा एखादा बँड वाजवीत असे. तोंवर कित्येक मुली केसांना कुरळे करण्याच्या गुंडाळ्या लावून वर रुमाल बांधून बसत, आणि आपल्या बँडची वेळ जवळ आली कीं आळीपाळीनें उठून, गुंडाळ्या सोडून, नीटनेटक्या होऊन परत जागेवर येत. हवें तें गाणें चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पोंचवावयाचें. लेनननें ती मोठ्यानें वाचावयाची, वर थट्टा करावयाची, आणि मग तें गाणें म्हणावयाचें, हा प्रघातच पडून गेला. दमट हवेमुळें विजेचीं यंत्रें वारंवार बंद पडत. अशा वेळीं दुसऱ्या बँडांचा विरस होई; हे मात्र विनोद करीत, पावाच्या जाहिरातीचीं गाणीं म्हणत, सर्वांना गावयास लावीत, आणि दिवे येईपर्यंत बैठक टिकवून धरीत. पाठीराख्यांच्या आठवणींत पुढें गाण्यांइकतेच हे वीज गेलेले क्षण राहिले आहेत.

यांत कौतुकाची गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्यांचा वाटा. लहान जागेंत गाणाऱ्याला श्रोत्याचा चेहरा दिसतो. कोठें मान हालली, कोठें दोघी कुजबुजूं लागल्या, तें त्याला तत्काळ कळतें, आणि पुढचें गाणें कोणतें घ्यावयाचें हें तो त्यावरून ठरवितो. आपल्या खासगी बैठकींत फर्माइशीचें जें स्थान आहे तेंच येथें चिठ्ठीचें होतें. त्या काळीं लिव्हरपुलांतील सारे बँड अमेरिकेहून आलेल्या तबकड्यांवरील तींच तींच गाणीं म्हणत. बीटल्सनीं तबकडीच्या मागल्या बाजूचीं, सहसा कोणी न ऐकलेलीं गाणीं शोधून बसविलीं. तींहि दुसऱ्यांनीं उचललीं, तेव्हां स्वतः रचलेलीं गाणीं मधून मधून घालावयास सुरुवात केली. कोणतें लागू पडतें आणि कोणतें नाहीं याचा निकाल पुढच्या ओळींतच, त्याच दुपारीं लागे. असा परीक्षकवर्ग पुढें त्यांना कोठेंहि मिळाला नाहीं.

आतां तबकडीकडे वळूं. तिची वाट या तळघरापासून दोनशें पावलांवरील एका दुकानांतून गेली. हँबर्ग येथें जून १९६१ मध्यें दुसऱ्या एका गायकाला साथ म्हणून बीटल्सनीं कांहीं गाणीं मुद्रित केलीं होतीं. त्यांतील एक तबकडी आहे का, असें एका तरुण गिऱ्हाइकानें ग्रामोफोनच्या दुकानांत येऊन विचारलें, आणि त्या दुकानाचा चालक ब्रायन एप्स्टाइन याचें कुतूहल जागें झालें, अशी हकीगत एप्स्टाइन स्वतः सांगत असे. नांव त्याच्या कानीं त्याआधींच आलें असावें असें कांहीं अभ्यासकांचें म्हणणें आहे. तें कसेंहि असो. ९ नोव्हेंबर १९६१ च्या दुपारीं हा नीटनेटका गृहस्थ उत्तम सुटांत अठरा पायऱ्या उतरून आला आणि थोड्याच दिवसांत त्यानें बँडची व्यवस्था आपल्या हातीं घेतली.

येथून पाठीराख्यांच्या नाट्याला रंग चढतो. एप्स्टाइननें प्रथम त्यांचीं काळीं कातडी जाकिटें उतरविलीं. व्यासपीठावर खाणें, सिगरेट ओढणें, शिव्या देणें बंद केलें. ५ एप्रिल १९६२ रोजीं पाठीराख्यांच्या मंडळासाठीं कॅव्हर्नमध्यें खास रात्र ठेवण्यांत आली. पूर्वार्धांत जुना कातडी पोशाख आणि उत्तरार्धांत नवे सूट अशी त्या रात्रीची योजना होती. जुन्या व नव्याची ही सांधेजोड मोठ्या चतुराईनें केलेली होती खरी, पण आपला बँड आपल्या हातून सुटत चालला आहे हें शहाण्या डोळ्यांना त्याच रात्रीं दिसलें असेल. ऑगस्टमध्यें त्याहून मोठा धक्का बसला. ढोलवादक पीट बेस्ट याला काढून त्याच्या जागीं रिंगो स्टार याला घेण्यांत आलें. बेस्ट हा मुलींचा विशेष लाडका. तळघरांत निषेधाच्या आरोळ्या उठल्या, धक्काबुक्की झाली, आणि त्यांत हॅरिसनचा एक डोळा काळानिळा झाला. सप्टेंबर १९६२ मध्यें लंडनला ध्वनिमुद्रणाच्या वेळीं घेतलेल्या छायाचित्रांत तो डोळा स्पष्ट दिसतो. त्याच ऑगस्टच्या २२ तारखेला एका दूरचित्रवाणी मंडळीनें कॅव्हर्नमधील दुपारच्या बैठकीचें थोडें चित्रण केलें. त्यांतहि गाणें संपतांच ‘आम्हांला पीट हवा’ अशी हांक ऐकूं येते. या तीनशेंच्या आसपास कार्यक्रमांपैकीं डोळ्यांनीं पाहतां येईल असें जें शिल्लक आहे तें हें कांहीं मिनिटांचें चित्रण.

लंडनमधील एका मोठ्या कंपनीनें १ जानेवारी १९६२ रोजीं परीक्षा घेऊन या बँडला नाकारलें होतें. शेवटीं ई. एम. आय. कंपनीच्या पार्लोफोन शाखेचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांनीं त्यांना घेतलें. पहिली लहान तबकडी ‘लव्ह मी डू’ ५ ऑक्टोबर १९६२ ला निघाली व खपाच्या यादींत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. दुसरी, ‘प्लीज प्लीज मी’, ११ जानेवारी १९६३ ला निघाली, आणि ती देशांतील बहुतेक याद्यांत पहिल्या क्रमांकावर चढली. ही वार्ता क्लबचे निवेदक बॉब वूलर यांनीं तळघरांत जाहीर केली तेव्हां टाळ्यांचा कडकडाट होईल असें कोणासहि वाटलें असतें. त्याऐवजीं श्रोत्यांत शांतता पसरली, असें तेथें असलेल्या मंडळींनीं पुढें सांगितलें आहे. ज्यांनीं रांगा लावून त्यांना मोठें केलें त्यांनाच त्या यशाचा अर्थ प्रथम कळला होता. पहिल्या क्रमांकाचा बँड दुपारच्या सुटींत शिलिंगभर पैशांवर पाव खाणाऱ्यांपुढें किती दिवस वाजविणार?

यानंतर कंपनीला मोठी तबकडी हवी झाली. तिला ‘आल्बम’ कां म्हणतात हें येथें सांगून टाकणें बरें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपेक्षां अधिक मावत नसे. मोठी कृति असली म्हणजे पांच-सहा तबकड्या लागत आणि त्या छायाचित्रांच्या आल्बमप्रमाणें जाड पानांच्या पुस्तकांत घालून विकीत. १९४८ मध्यें अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी निघाली. तिच्या एकेका बाजूवर वीस-बावीस मिनिटें सहज मावूं लागलीं, पुस्तकाची गरज संपली, पण नांव मागें राहिलें. आपल्या लोकांना जुन्या तबकडीची अडचण निराळ्या रीतीनें सोसावी लागली आहे. गौहरजान हिचें गाणें १९०२ मध्यें कलकत्त्यास मुद्रित झालें तेव्हांपासून तासाचा राग तीन मिनिटांत उरकण्याची कसरत आपले गायक करीत आले. ज्यांनीं ती केलीच नाहीं, अशा भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांचें गाणें १९२२ मध्यें त्यांच्याबरोबरच संपलें. ऐकणाऱ्यांच्या आठवणी तेवढ्या राहिल्या. म्हणून तबकडीला नुसतीं नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल.

मार्टिन यांच्या मनांत पहिला विचार आला तो रसिकाचाच होता. या मुलांचा आल्बम स्टुडिओंत कशाला, कॅव्हर्नमध्यें श्रोत्यांसह कां मुद्रित करूं नये? त्यासाठीं डिसेंबर १९६२ मध्यें ते स्वतः लिव्हरपूलला जाऊन तें तळघर पाहून आले. आणि त्यांनीं तो विचार सोडून दिला. कारण नादशास्त्राचें आहे. विटांच्या कठीण भिंती व कमानदार छत आवाज शोषून घेत नाहींत, परत फेंकतात. मूळ ध्वनि आणि त्याचे हे परतलेले ध्वनि एकमेकांत मिसळून शब्द पुसट होतात आणि ढोलाचा प्रत्येक ठोका लांबतो. प्रत्यक्ष तेथें बसलेल्याला याचा त्रास कमी होतो, कारण माणसाला दोन कान असतात. त्यांमुळें ध्वनि कोणत्या दिशेनें येतो तें कळतें, आणि गाणाऱ्याचे ओंठ डोळ्यांना दिसत असल्यामुळें मन नको तो गोंगाट बाजूला सारतें. मायक्रोफोनला ही निवड करतां येत नाहीं. तो आलें तें सारें सारख्याच निष्ठेनें टिपतो. म्हणजे त्या जागेचा जो गुण श्रोत्याला वेढून टाकी, तोच तबकडीवर दोष म्हणून उमटला असता. शिवाय यंत्रें बंद पाडणारा दमटपणा होताच.

तेव्हां मार्टिन यांनीं उलट मार्ग धरला. तळघर स्टुडिओंत आणतां येत नसलें तरी तळघरांतील कार्यक्रम आणतां येईल. रोज जें म्हणतां तेंच, तसेंच, एका दिवसांत म्हणून दाखवा, असा एकंदर बेत ठरला. दिवस सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३. जागा लंडनच्या ॲबे रोडवरील दुसऱ्या क्रमांकाचा स्टुडिओ. बँड तेव्हां इंग्लंडभर दौऱ्यावर होता आणि दौऱ्यांतील एका मोकळ्या दिवसांत हें काम बसवावयाचें होतें. लेननला सर्दी झाली होती, घसा बसत आला होता. सकाळीं दहा वाजतां आरंभ झाला. दुपारीं मार्टिन व त्यांचे सहकारी जेवावयास गेले. परत येऊन पाहतात तों मुलें जागेवरून हाललींच नव्हतीं. दूध पिऊन तालीम करीत होतीं. ज्यांची दुपारची सुटी दोन वर्षें श्रोत्यांचें जेवण सांभाळण्यांत गेली त्यांना स्वतःच्या जेवणाची आठवण न राहणें स्वाभाविक म्हणावें लागेल.

यंत्रसामग्री आजच्या मानानें साधी होती. फितीवर दोनच पट्टे. ढोबळमानानें एकावर वाद्यें व दुसऱ्यावर कंठ. आज एक एक वाद्य निरनिराळ्या दिवशीं मुद्रित करून मागाहून जुळवितात, तशी सोय नव्हती. म्हणून चौघांनीं एकाच वेळीं वाजवावयाचें व गावयाचें, चुकलें तर पहिल्यापासून, हाच मुख्य प्रकार. थोडी भर मागाहून घातली गेली, पण ती थोडीच. गंमत अशी कीं तळघराचा प्रतिध्वनि नको म्हणून लंडनला आलेल्या मार्टिन यांना नुसता कोरडा आवाजहि नको होता. स्टुडिओला जोडून एक रिकामी, टणक भिंतींची खोली होती. तींत ध्वनिक्षेपकानें गाणें सोडून, तेथील घुमारा मायक्रोफोननें परत घेऊन, हवा तेवढाच मूळ ध्वनींत मिसळीत. म्हणजे गुहा तबकडीवर आली, पण मोजून मापून.

पहिल्या गाण्याच्या आरंभीं मॅकार्टनी एक-दोन-तीन-चार असे आंकडे मोठ्यानें मोजतो. एरवीं अशी मोजणी कापून टाकीत. मार्टिन यांनीं ती मुद्दाम ठेवली. इतकेंच नव्हे तर नवव्या खेपेची मोजणी अधिक जोरकस वाटली म्हणून ती कापून पहिल्या खेपेच्या गाण्याला जोडली. पडदा उघडतांच बैठक सुरू झाल्याचा भास व्हावा म्हणून केलेली ही कारागिरी आहे. जिवंत वाटणारी गोष्ट जिवंत वाटावी म्हणून तिला कात्री लावावी लागते, हें ऐकून कांहींजण नाक मुरडतील. पण ऐकणाऱ्याला तें खोटें वाटत नाहीं.

रात्रीं दहाच्या सुमारास एक गाणें उरलें. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें मूळ अमेरिकेंतील गाणें बीटल्स तळघरांत मैफलीच्या अखेरीस म्हणत, कारण तें म्हटल्यावर घशांत पुढें कांहीं उरत नसे. मार्टिन यांनीं तें मुद्दाम शेवटीं ठेवलें होतें. लेननचा घसा खोकल्याच्या गोळ्या व दूध यांवर दिवसभर तग धरून होता. त्यानें अंगरखा काढला आणि एकाच खेपेंत गाणें संपविलें. दुसरी खेप घेऊन पाहिली, पण आवाज गेलेला होता. तबकडीवर आहे ती पहिली खेप, आणि तींतील फाटलेला स्वर. एखाद्या संगीतशिक्षकानें त्या स्वराबद्दल गुण कापले असते. तरी त्या आल्बममधील चौदा गाण्यांत कॅव्हर्नमधली दुपार खऱ्या अर्थानें कोठें सांपडत असेल तर ती तेथेंच सांपडते.

असें एका दिवसांत दहा गाण्यांचें काम झालें. अगोदरच्या दोन लहान तबकड्यांवरील चार गाणीं मिळवून चौदा झालीं. त्यांतील आठ लेनन व मॅकार्टनी यांनीं रचलेलीं, सहा इतरांचीं. सारा खर्च सुमारें चारशें पौंड. २२ मार्च १९६३ रोजीं आल्बम बाजारांत आला, मे महिन्यांत यादीच्या अग्रस्थानीं गेला, आणि सलग तीस आठवडे तेथून हालला नाहीं. किंमत बत्तीस शिलिंगांच्या घरांत. कॅव्हर्नमधल्या एखाद्या टंकलेखिकेनें हिशेब केला असेल तर एवढ्या पैशांत महिनाभराच्या दुपारी निघत होत्या. पण आतां तो हिशेब करण्याचें कारणच उरलें नव्हतें. स्टुडिओंतील त्या सोमवारच्या बरोबर एक आठवडा अगोदर, ४ फेब्रुवारीला, बीटल्सची कॅव्हर्नमधील शेवटची दुपार होऊन गेली होती. तबकडी ज्या दुपारींवर उभी राहिली त्या दुपारी तबकडीच्या जन्माआधींच संपल्या.

रात्रीचे कार्यक्रम थोडे झाले. ३ ऑगस्ट १९६३ च्या रात्रीं ते शेवटचे आले. तिकिटें विक्रीस निघतांच संपलीं होतीं. त्याहि रात्रीं दमटपणामुळें मध्येंच वीज गेली, असें सांगतात. मग थोड्याच महिन्यांत लंडन, अमेरिका, जग. पुढच्या तीन वर्षांत त्यांना हजारों माणसांच्या पटांगणांत वाजवावें लागलें, आणि तेथें श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढें त्या काळचीं ध्वनिक्षेपक यंत्रें इतकीं अपुरीं पडत कीं स्वतःचें गाणें स्वतःलाच ऐकूं येईना. ज्यांना पूर्वी पुढच्या ओळींतील कुजबूज ऐकूं येई त्यांची ही गति झाली. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस कार्यक्रम करून त्यांनीं दौरे कायमचे थांबविले व पुढें केवळ तबकड्याच केल्या. संगीताच्या दृष्टीनें त्या तबकड्या पहिलीपेक्षां कितीतरी पुढें गेलेल्या आहेत याविषयीं जाणत्यांत मतभेद नाहीं.

तथापि त्यांचें स्वतःचें मन एकदां मागें वळलें. १९६९ च्या जानेवारींत पुनः चौघांनीं एकत्र बसून, मागाहून जोडकाम न करतां, पूर्वीप्रमाणें एका दमांत वाजवावयाचें आणि शेवटीं लोकांपुढें कार्यक्रम करावयाचा असा बेत केला. बेत पुष्कळ रखडला. अखेर ३० जानेवारीला लंडनमधील आपल्या कचेरीच्या गच्चीवर भर थंडींत त्यांनीं सुमारें बेचाळीस मिनिटें वाजविलें. दुपारच्या जेवणाची वेळ होती. रस्त्यांत कचेऱ्यांतले लोक थबकले, वर पाहूं लागले, पण गच्चीवरचे त्यांना दिसेनात; शेजाऱ्यांनीं तक्रार केली आणि पोलिसांनीं येऊन बैठक संपविली. गायिलेल्या गाण्यांत एक त्यांनीं पोरवयांत रचलेलें होतें. या आल्बमच्या वेष्टनासाठीं पहिल्या आल्बमच्या वेळचेंच छायाचित्रकार बोलावून, त्याच इमारतीच्या त्याच जिन्यावर, त्याच पद्धतीनें चौघे पुनः कठड्याशीं उभे राहिले. सहा वर्षांत वाढलेले केस व दाढ्या सोडल्यास चित्र तेंच. पुढें तें वेष्टन त्या आल्बमला लाभलें नाहीं. १९७० मध्यें तो निघाला तेव्हां बँड मोडलेला होता, आणि जिन्यावरचें चित्र १९७३ मध्यें एका संग्रहावर छापलें गेलें.

त्याच १९७३ सालीं कॅव्हर्नहि बंद झालें. भुयारी आगगाडीच्या कामासाठीं हवा जाण्यायेण्याचें विवर तेथें खणावयाचें ठरलें, म्हणून वरची वखार पाडली गेली आणि खालचे बोगदे बुजविण्यांत आले. १९८४ मध्यें त्याच ठिकाणीं, जुन्या विटा बऱ्याच वापरून, कॅव्हर्न पुनः बांधण्यांत आलें आणि देशोदेशींचे पाहुणे तेथें पायऱ्या उतरून जातात. ज्या जागेंत आयुष्यभर हवा खेळली नाहीं ती हवेसाठीं पाडली गेली. तें विवर मात्र पुढें खणलेंच नाहीं.